आडव्या आठाच्या अलीकडे

अण्णांनी तिन्ही अ‍ॅडाप्टर टेबलावर ओळीनं मांडले, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "सांग चारू, यातला कुठला तुला ऐन वेळेला फसवंल?"

परीक्षा घेतल्याशिवाय माझ्या वडिलांनी कधी कुणाला काही दिलं नाही. मला सायकल दिली तेव्हाही आधी उतरलेली चेन बसवायला लावली होती. त्यामुळे मी मुकाट्यानं पहिला अ‍ॅडाप्टर उचलला, त्यांच्या जुन्या दोनशे मिलिमीटरच्या लेन्सला लावला आणि लेन्स कानाशी धरून हलवली. बारीकशी टकटक आली. मी म्हटलं, हा ढिला आहे, हा फसवेल. अण्णा नुसते हसले, म्हणजे उत्तर बरोबर होतं.

दुसऱ्याच्या पोटात एक भिंग होतं. त्याच्या खोक्यावर जास्त उजेड आणि जास्त रुंद चित्र मिळेल असं छापलेलं होतं. अण्णांनी तो खिडकीकडे धरून बघितला आणि बाजूला सारला. रुंद चित्र लग्नात लागतं, तुला लांबचं जवळ आणायचंय, हा दोनशेच्या लेन्सची दीडशेची करून ठेवील, असं ते म्हणाले. राहिला तिसरा. पितळेच्या तोंडाचा, आतून पोकळ, हाताला जड. त्यात ना भिंग होतं ना तारा. मी म्हटलं, बाकीच्या लोकांचे अ‍ॅडाप्टर कॅमेऱ्याशी बोलतात म्हणे, हा तर मुका आहे. अण्णा म्हणाले, आपली लेन्सच जुन्या काळातली, तिला बोलायला येतंच कुठं? मग त्यांनी तोच पसंत केला आणि बाकीचे दोन पुण्याच्या दुकानदाराला परत पाठवायला बांधून ठेवले.

हा प्रकार ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जुन्या एसएलआर कॅमेऱ्याच्या पोटात लेन्सच्या मागं एक तिरपा आरसा असायचा. त्या आरशाला हलायला जागा लागायची, म्हणून लेन्स फिल्मपासून जरा दूर बसवलेली असायची. नवीन मिररलेस कॅमेऱ्यात तो आरसाच काढून टाकला, कॅमेरा चपटा झाला. आता जुनी लेन्स थेट त्याला लावली तर ती फार जवळ बसते आणि धड काही दिसत नाही. मग मधलं अंतर भरून काढायला एक रिंग लावायची. ती रिंग म्हणजे अ‍ॅडाप्टर. सगळी गंमत तिच्या जाडीत असते.

हेही मला अण्णांनीच शिकवलं, त्याच दुपारी, त्याच टेबलावर. "आरसा गेला, पण आरशाची जागा तेवढीच राहिली पाहिजे," ते म्हणाले. "बनवणारा शहाणा असंल तर रिंग कणभर पातळ ठेवतो. पातळ चालती. लेन्स लांबच्याच्याही पुढं जाती, आपण जरा मागं फिरवून घ्यायचं. जाड चालत न्हाई. जाड झाली की जवळचं सगळं दिसतं, लांबचं काय हाताला लागत न्हाई. मग कितीबी फिरव."

लेन्सच्या गोल पट्टीवर मीटरचे आकडे संपतात तिथं एक आडवा आठ कोरलेला असतो. त्याचा अर्थ अनंत. पट्टी तिथवर फिरवली की क्षितिजापर्यंतचं सगळं धारदार दिसायला हवं. अण्णा त्याला आडवा आठ म्हणायचे, म्हणून मीही म्हणायची.

आमचा स्टुडिओ टेंभुर्णीत, बाजारपेठेतल्या एका बोळात होता. नाव 'चारू फोटो स्टुडिओ'. मी जन्मले त्या वर्षी काढलेला. लोक माझ्या नावाच्या दुकानाचं कौतुक करायचे तेव्हा लहानपणी मला फार भाव चढायचा. पुढे कळलं की दुकानाला आपलं नाव असलं की आपल्याला दुकान सोडून जाता येत नाही. आई गेली, धाकटी बहीण लग्न होऊन बार्शीला गेली, आणि मी तिशी ओलांडली तरी तिथंच होते. माझं स्थळ बघणं लोकांनी सोडून दिलं होतं आणि मला त्याचं दुःख नव्हतं. दुःख वेगळंच होतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी 'मान सरळ, हनुवटी खाली, डोळे मिटू नका' एवढंच बोलायची. पासपोर्ट फोटो, शाळांची आयकार्डं, बारशाचे फोटो. माझ्यासमोरचा माणूस कधी चार हातांच्या पलीकडे नसायचा.

रविवारी मात्र मी कॅमेरा घेऊन उजनी धरणाच्या फुगवट्यावर जायची. हिवाळ्यात तिथं पाखरांची जत्रा भरते. त्यातले काही फोटो मी काउंटरच्या काचेखाली लावले होते, आणि ते नसरीनताईंनी बघितले. नसरीन काझी पुण्याच्या एका पक्षी-अभ्यास संस्थेत होत्या, काही कागदांच्या प्रती काढायला आमच्याकडे आल्या होत्या. काचेवर वाकून त्यांनी फोटो बघितले आणि हे कुणी काढले म्हणून विचारलं. मी काढले म्हटल्यावर म्हणाल्या, असं वाकून बसायची, वाट बघायची सवय तुम्हाला कुठं लागली? मी म्हटलं, लहान मुलांचे फोटो काढून. त्या खूप हसल्या.

त्यांना दोन वर्षांसाठी एक फोटोग्राफर हवा होता. हिमालय ओलांडून आपल्याकडे येणारे पट्टकादंब हंस असतात, राखी रंगाचे, डोक्यावर दोन काळे पट्टे. त्यांतल्या काहींच्या गळ्यात तिकडच्या अभ्यासकांनी प्लास्टिकची पट्टी घातलेली असते आणि त्या पट्टीवर अक्षरं असतात. ती अक्षरं फोटोत वाचता आली की कळतं, हा हंस कुठून आला, आधी कुणाला दिसला होता. ती वाचण्यासाठी महाराष्ट्रभरच्या पाणथळ जागा फिरायच्या होत्या, उन्हाळ्यात हंसांच्या मागं लडाखपर्यंत जायचं होतं. निवड झाली की लेन्स संस्था देणार होती, पण चाचणी आपल्या सामानावर. एक सकाळ माझ्याबरोबर नावेतून या, अक्षरं वाचून दाखवा, काम तुमचं, असं नसरीनताई म्हणाल्या. साताऱ्याचा एक मुलगा आधीच चाचणी देऊन गेला होता.

मी लडाख फक्त दिनदर्शिकेवर बघितलं होतं. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. लहान मुलीसारखी मी आतून उड्या मारत होते आणि वरून अण्णांना भीत भीत सांगितलं. वाटलं होतं, घर डोक्यावर घेतील. तसं काही झालं नाही. त्यांनी उठून कपाटातून फडक्यात गुंडाळलेली दोनशेची लेन्स काढून माझ्या हातात दिली. ऐन उमेदीत त्यांनी ती मुंबईहून आणली होती, जत्रेतल्या कुस्त्या आणि पुढाऱ्यांच्या सभा तिनं टिपल्या होत्या. घरात तिला कुणी हात लावायचं नाही असा नियम होता. "तुझ्या कॅमेऱ्याला अ‍ॅडाप्टर तेवढा बघू," म्हणाले. मी त्यांच्या पाया पडले. उगाच नाही, खरोखर मनापासून पडले.

तर तिसरा अ‍ॅडाप्टर ठरला. मी लेन्स लावली आणि समोरच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेचा फोटो काढला. आमच्या स्टुडिओत कुठलंही नवीन सामान आलं की तपासणी हीच. तिथीची बारीक अक्षरंही स्वच्छ आली. अण्णांनी अ‍ॅडाप्टर काढून आत बोट फिरवलं आणि म्हणाले, आतून फार चमकतोय, पाण्यावरचं ऊन आत शिरलं तर चित्र पांढरं पडंल. "ठेव इथं. उघडून आतनं काळा करून देतो. तू तुझी तयारी कर."

मी भाकरी करायला आत गेले. मधे एकदा पाणी द्यायला बाहेर आले तर ते डोळ्यांत तेल घालून काम करत होते, बारीक स्क्रू बशीत काढून ठेवलेले, बाजूला काळ्या रंगाची बाटली. मला भरून आलं. आईच्या आजारपणातही मी त्यांना इतकं हळुवार काही करताना बघितलं नव्हतं.

संध्याकाळी अ‍ॅडाप्टर हातात आला तो आतून कोळशासारखा काळा. मी परत दिनदर्शिकेवर बघितला, तिथी परत स्वच्छ आली. पहाटे मी एसटीनं निघाले.

नावेत आम्ही तिघं होतो. मी, नसरीनताई आणि नाव वल्हवणारे दिगूमामा. पाण्यावर गारठा होता, उजेड नुकता फुटत होता. हंस एका गाळाच्या पट्ट्यावर उभे होते, भलते लांब नव्हेत, पण त्याहून जवळ गेलं की उडतात असं दिगूमामांनी आधीच बजावलं. उजेड कमी म्हणून लेन्सचं तोंड पूर्ण उघडं ठेवणं भाग होतं. नसरीनताईंनी दुर्बिणीतून बघून सांगितलं, डावीकडून तिसरा आणि मागचा एक, दोघांच्या गळ्यात पट्ट्या आहेत.

माझ्या कॅमेऱ्यात एक सोय होती. जे धारदार दिसत असेल त्याच्या कडेला पडद्यावर लाल रेघ उमटायची. मी पट्टी फिरवली. नावेजवळच्या बाभळीच्या खोडावर लाल रेघ आली, खोडावरच्या बगळ्यावर आली, मग पुढच्या पाणगवतावर आली. तिथून ती हंसांकडे सरकायला हवी होती, पण पट्टी अडली. मी खाली बघितलं, आडवा आठ आला होता. पुढं फिरायला जागा नव्हती आणि हंस अजून धुरकट होते.

मी फोटो काढले, मोठे करून बघितले. गळ्यात पट्टी होती, पट्टीवर काहीतरी काळं होतं. ते अक्षर आहे की मळ आहे, सांगता येत नव्हतं. नाव हलतेय असं म्हणून मी दिगूमामांना वल्ही थांबवायला सांगितली. हात कापतोय म्हणून कोपर गुडघ्यावर टेकवलं. पाण्यावर धुकं आहे म्हणून ऊन वर येईपर्यंत थांबले. ऊन आलं, धुकं गेलं, आणि हंस तसेच राहिले.

नसरीनताईंनी आपल्या पिशवीतून स्वतःची लेन्स काढली. "ही लावून बघ," त्या म्हणाल्या. नावेत बसल्यापासून त्या मला अगंतुगं करायला लागल्या होत्या आणि मला ते आवडलं होतं. "माझाही कॅमेरा याच जातीचा आहे. मधे काही लागणार नाही."

मी नको म्हटलं.

"अगं, चाचणीच आहे. मला अक्षरं हवीत, लेन्स कुणाची का असेना."

"नको ताई. लेन्समध्ये काही खोट नाही. माझ्या वडिलांची आहे, त्यांनी जन्मभर वापरलीय. माझाच हात बसत नाहीये."

"मग अ‍ॅडाप्टरमध्ये काही गडबड असेल?"

"नाही ताई. अण्णांनी स्वतः उघडून तपासलाय."

त्यांनी माझ्याकडे जरा रोखून बघितलं आणि लेन्स परत पिशवीत ठेवली. आज वाटतं, ती लेन्स हिसकावून घ्यायला हवी होती. पण तेव्हा वाटलं, परक्या बाईची लेन्स लावली तर अण्णांच्या लेन्सचा अपमान होईल. कुस्तीच्या फडात त्यांनी ती कशी सांभाळली, किती जणांनी मागितली आणि त्यांनी कशी दिली नाही, हे ऐकत मी मोठी झाले होते. तिला कमी म्हणण्यापेक्षा मला स्वतःला कमी म्हणणं सोपं गेलं. थोड्या वेळानं हंस उठले आणि ओरडत डोक्यावरून निघून गेले.

काठावर चहा पिताना नसरीनताई चांगलं बोलल्या. बगळ्याचे फोटो सुंदर आहेत, म्हणाल्या, पण मला वाचता येणारे हवे होते. उद्या दुपारपर्यंत त्यांना पुण्याला नाव कळवायचं होतं. कुणाचं कळवणार हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

घरी आले तर शेंगोळ्यांचा वास येत होता. अण्णा स्वयंपाकघरात फारसे जात नसत. त्या दिवशी त्यांनी माझ्या आवडीचे शेंगोळे स्वतः वळले होते, जाडेभरडे, वाकडेतिकडे. माझं जेवण होईपर्यंत त्यांनी काही विचारलं नाही. मग म्हणाले, "अक्षरं आली का?"

मी मान हलवली. जवळचं सगळं आलं, लांबचं आलं नाही, एवढंच सांगितलं आणि मला रडू फुटलं. तुमच्या लेन्सचं नाव घालवलं, मला माफ करा, असं काहीतरी मी बोलत होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"लांबचं बघणारी नजर वेगळी असती पोरी. ती सगळ्यांना नसती. आपली नजर स्टुडिओची. त्यात कमीपणा काय न्हाई."

मी ते खरं मानलं. त्या रात्री झोपताना मी स्वतःची समजूतही घातली होती, की प्रत्येकाचा एक वकूब असतो आणि आपला कळला ते बरं झालं. अण्णांविषयी मला इतकी माया वाटली की शेंगोळे खारट झाले होते हेही मी त्यांना सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी एका शाळेच्या आयकार्डांचं काम होतं. आयकार्डं आम्ही जाड प्लास्टिकच्या पांढऱ्या शीटवर छापायचो आणि मग कापायचो. दुपारी जेवणानंतर मी खणातून शीटची चळत काढली. वरची उचलली, दुसरी उचलली. तिसऱ्या शीटच्या मधोमध गोल भोक होतं.

भोक फार नीट कापलेलं होतं. आधी कंपासनं रेघ मारून मग पात्यानं, असं फक्त अण्णा कापतात. शीटच्या खाली तुकडाही सापडला, पण तो भोकाएवढा नव्हता, त्याहून लहान गोल होता. म्हणजे मोठ्या गोलातून लहान गोल काढला होता आणि मधली चकती कुठंतरी गेली होती. मी शीट हातात धरून उभी राहिले. स्टुडिओत गोल असं काय होतं, याचा विचार करायला मला फार वेळ लागला नाही. पिशवीतून अ‍ॅडाप्टर काढला आणि भोकावर ठेवला. तो बरोबर बसला.

अण्णा मागच्या खोलीत आडवे झाले होते. मी स्क्रू काढले. पितळेचं तोंड आणि पोकळ नळी यांच्या मधे प्लास्टिकची चकती होती, दोन्ही अंगांनी काळी रंगवलेली, स्क्रूंसाठी भोकंसुद्धा पाडलेली. बाहेरून शोधूनही दिसली नसती. मी ती काढली, अ‍ॅडाप्टर परत जोडला आणि गच्चीवर गेले.

आमच्या बोळात लांब असं काही नव्हतंच, म्हणून आम्ही सगळं दिनदर्शिकेवर तपासायचो, आणि हे अण्णांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. गच्चीवरून गावाबाहेरची पाण्याची टाकी दिसते. मी लेन्स तिच्यावर धरली आणि पट्टी फिरवली. लाल रेघ घरांवरून, चिंचेच्या शेंड्यावरून सरकत गेली आणि आडवा आठ यायच्या जरा आधीच टाकीवर पोचली. टाकीवर रंगवणाऱ्यानं आपलं नाव आणि फोन नंबर लिहून ठेवला होता. मला तो सगळा वाचता आला.

माझी नजर धड होती. ते कळल्यावर आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी मी कठड्याला धरून खाली बसले.

नसरीनताईंना तिथूनच फोन लावला. त्या म्हणाल्या, अगं, मी आत्ताच जेवायच्या आधी पुण्याला साताऱ्याच्या मुलाचं नाव कळवलं, पत्रही गेलं. मग त्यांनी काळजीनं विचारलं, का गं, काय झालं? मी सांगितलं की अ‍ॅडाप्टर जाड होता, आता दुरुस्त केला, आता दिसतंय.

"पण तू तर म्हणालीस वडिलांनी तपासलाय."

"हो," मी म्हटलं. "माझंच काहीतरी चुकलं असेल."

यावर त्या काय बोलल्या ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की सगळं कळल्यावरही मी त्या माणसाची अब्रू झाकली. बापानं असं केलं, हे परक्या बाईला सांगायला माझी जीभ वळली नाही. त्याचा राग मला आजही येतो, त्यांचा आणि माझाही.

खाली आले तेव्हा अण्णा उठून टेबलाशी बसले होते, कुणाचे तरी पासपोर्ट फोटो कापत होते. मी चकती त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी ती बघितली, हातातला फोटो कडेपर्यंत सरळ कापला आणि मग कात्री खाली ठेवली. मला वाटलं होतं, आधी नाकबूल करतील, निदान माझ्याकडे बघणार नाहीत. ते बघत होते.

"मीच घातली," ते म्हणाले.

"तुम्हीच मला सांगितलं होतं. पातळ चालते, जाड चालत नाही."

"म्हणून तर ही घेतली. कागदाच्या जाडीनं भागलं नसतं."

मी ओरडणार नव्हते. आवाज चढला तर बोळातली माणसं गोळा होतील हे त्याही वेळी डोक्यात होतं. मी हळू आवाजात विचारलं, की जाऊ नको एवढं सरळ का नाही म्हणालात?

"म्हटलो असतो तर तू भांडली असतीस. भांडून गेली असतीस."

"आणि परत आले नसते, असंच ना?"

"नसतीस आली. तुझ्या जागी मी असतो तर मीबी आलो नसतो." हे ते इतकं साधेपणानं बोलले की जणू आम्ही तिसऱ्याच कुणाविषयी बोलत होतो. "मी एकटा काय करणार हुतो इथं? कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं काम मला जमत न्हाई, पोरंटोरं माझ्यासमोर उभी राहत न्हाईत. दुकानाला नाव तुझं हाय."

एकटेपणाला भिऊन माणूस पायात पडला असता तरी मी समजून घेतलं असतं. पाय धरून थांब म्हणाले असते तर कदाचित थांबलेही असते, चिडत, बोलत, पण थांबले असते. मी त्यांना तेच सांगितलं. म्हटलं, अण्णा, तुम्ही मला थांबवलं त्याचं मी बघून घेतलं असतं. पण काल मी रडत होते तेव्हा तुम्ही डोक्यावर हात ठेवून सांगितलं की मला नजर नाही. "ते तरी सांगायचं नव्हतं."

आता मात्र त्यांनी मान खाली घातली. ते टेबलावरच्या चौकोनी चेहऱ्यांकडे बघत राहिले. मी वाट बघत होते. चुकलो म्हणतील, एवढीसुद्धा आशा नव्हती मला, पण काहीतरी म्हणतील असं वाटत होतं. बाहेर कुणीतरी पायऱ्यांवर चपला काढत होतं, गिऱ्हाईक आलं होतं.

अण्णांनी चकती उचलून टेबलाखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि कात्री परत हातात घेतली.

"शाळेची कार्डं उद्या द्यायची हाईत," ते म्हणाले. "ती शीट वाया गेली. दुसरी घे."

गिऱ्हाईक दारात उभं होतं, पासपोर्टचा फोटो हवा म्हणत होतं. मी त्याला स्टुलावर बसवलं, मान सरळ करायला सांगितली, हनुवटी खाली घ्यायला सांगितली. फोटो चांगला आला. गिऱ्हाईक गेल्यावर मी खण उघडला आणि दुसरी शीट घेतली.